पिवळी दोरी, दोन बोटं कमी

हणमंता,

"दोन बोटं कमी कर," एवढं म्हणून दोरी माझ्या टेबलावर टाकलीस. कुणासाठी, ते सांगितलं नाहीस. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मरून गेलास. ही कुठली पद्धत झाली? जन्मभर लोकांना शिस्त शिकवत हिंडलास, शर्टाचं एक बटण उघडं दिसलं तरी दोनशे माणसांसमोर त्या गड्याची अब्रू काढायचास, आणि स्वतःचं एवढं मोठं काम मात्र अर्ध्यावर टाकून चालता झालास.

मला तुझा राग आलाय. दोहाच्या सूक वाकिफ बाजारातले शेजारचे दुकानदार येतात, "उस्मानभाई, सबर करो" म्हणतात, चहा पाजतात. सबर मी करतोच आहे, न करून जातो कुठे, पण राग काही जात नाही. आज संध्याकाळच्या विमानानं तुझी पेटी मुंबईला जाणार. तोवर काही काम सुचत नाही, म्हणून शटर अर्धं ओढून, शिलाई मशीन बाजूला सारून हे लिहायला बसलोय. तू हयात असताना मला एक वाक्य धड पुरं करू दिलं नाहीस. मी बोलायला लागलो की "मास्टर, मुद्द्यावर ये" म्हणायचास. आज मी मुद्द्यावर येणार नाही. गप ऐकून घे.

तुझी खबर गावी पोचली आणि वहिनींशी फोनवर बोलायची पाळी माझ्यावर आली. त्यांना तुमच्या गावच्या सोसायटीच्या ऑफिसात आणून बसवलं होतं. इकडे टेलिफोन ऑफिसात मी रांगेत उभा. लाइन लागली. रडणं झालं. मग त्यांनी विचारलं, "भावजी, ह्यांच्या खांद्यावर ती पिवळी दोरी कशाची हो? फोटूत दिसती. आमच्या दिराला वाटतं तिकडच्या सरकारनं बक्षीस दिलंया." मी कपाळावर हात मारला. इतकी वर्षं ती दोरी मिरवलीस, मला तिच्यापायी जीव नकोसा केलास, आणि घरी एका अक्षरानं कधी सांगितलं नाहीस. मग परक्या माणसाला, तेही ट्रंककॉलवर, पहिल्यापासून सांगत बसावं लागलं.

मी म्हटलं, वहिनी, ही जर्मन पलटणीतली रीत. अल थुमामाला, विमानतळाच्या अंगाला, जर्मन कंपनीचा कामगारांचा कॅम्प आहे. तिथे आधी क्रूगर नावाचा साहेब मॅनेजर होता. त्याच्याही आधी तो त्यांच्या फौजेत बरीच वर्षं कंपनी सार्जंट होता. त्या हुद्द्याला त्यांच्याकडे 'श्पीस' म्हणतात, म्हणजे भाला. भाला घेऊन आता कुणी फिरत नाही, नाव तेवढं राहिलंय. लढाईचे हुकूम देणारा कॅप्टन वेगळा. श्पीसनं घर सांभाळायचं. कोण जेवलं, कोण आजारी आहे, कुणाचे बूट फाटलेत, कुणाची रजा अडलीय, कुणाच्या घरून बरेच दिवस पत्र नाही. म्हणून तिथले शिपाई कॅप्टनला कंपनीचा बाप म्हणतात आणि श्पीसला कंपनीची आई. ही आई गर्दीत लांबून ओळखू यावी म्हणून तिच्या उजव्या खांद्यावर पिवळी दोरी. खांद्याच्या पट्टीखालून निघते आणि छातीवरच्या बटणाला येऊन अडकते.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजी आमचं ह्ये तिकडं आई झालं व्हतं?"

हो म्हणालो.

क्रूगर गेला त्या सकाळी मी कॅम्पवर होतो. नव्या शर्टांचं गाठोडं पोचवायला आलो होतो. तू तेव्हा नुसता कॅम्प बॉस होतास. साताऱ्याकडे फौजेतून परतलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात, म्हणून इथेही मेजर. साहेबानं खिशातून स्वतःच्या जुन्या वर्दीची दोरी काढली, सगळ्यांसमोर तुझ्या खांद्यावर बांधली आणि सांगितलं की ही माणसाची नसते, कंपनीची असते. जाणाऱ्यानं ती येणाऱ्याच्या खांद्यावर सगळ्यांदेखत बांधायची आणि मगच फाटकाबाहेर पाऊल टाकायचं. तो गंमत करत होता रे. निरोपाची गंमत. बाकीचे जर्मन हसत होते, टाळ्या पिटत होते. एकटा तू सावधानमध्ये उभा, डोळे भरून आलेले. दोरी साहेबानं बांधली, पण पुढची सगळी वर्षं तिनं मिरे माझ्याच डोक्यावर वाटले.

मूळ दोरी दोन उन्हाळ्यांत विरली. कतारच्या उन्हापुढे जर्मन रंगाचं काय चालणार. अरबांच्या झग्यांना, बिश्तना, जरीचे काठ लावणारे कारागीर आमच्या गल्लीत बसतात. त्यांच्याकडून पिवळं रेशीम आणून मी पीळ घातला, वेणी विणली, नवी दोरी करून दिली. आभार राहिले बाजूला. तू ती उजेडात धरलीस आणि म्हणालास, "ह्यो रंग हळदीचा झाला. सायबाची मोहरीच्या फुलाची व्हती." त्यानंतर दर वेळी नवी दोरी आणि दर वेळी हळद-मोहरी. एकदा वैतागून मी म्हटलं, तुझ्या किचनमधून हळद आण आणि माझ्यासमोर ठेवून दाखव. तर खरोखर वाटीभर हळद घेऊन आलास. मोहरीची फुलं मात्र वाळवंटात कुठून आणणार, म्हणून तो वाद तसाच राहिला.

तसाच बाह्यांवरच्या वळ्यांचा. क्रूगरनं कधीतरी तुला सांगितलं की त्यांच्या महायुद्धाच्या वेळच्या जुन्या फौजेत श्पीसच्या दोन्ही मनगटांपाशी फितीच्या दोन-दोन वळ्या असायच्या, शिपाई चेष्टेनं त्यांना पिस्टनच्या रिंगा म्हणायचे. आणि छातीवर दोन बटणांच्या मध्ये वही खोचलेली असायची. झालं. दुसऱ्या दिवसापासून तुझ्या छातीत वही. ती कोरी होती, नुसती दिसायला, पण तिच्यापायी बटण तुटायचं आणि ते लावून द्यायला मी. वळ्यांना मात्र क्रूगरनं साफ नकार दिला होता. ती फौज वेगळी होती, ती संपली ते बरंच झालं, म्हणाला. साहेबाची पाठ वळली तसा तू फितीचं रीळ घेऊन माझ्या दुकानात हजर. मी म्हटलं, त्यानं नको म्हटलेलं मी शिवणार नाय. किती फुगलास तेव्हा. शुक्रवारचं येणं बंद केलंस. शर्ट दुसऱ्याच्या हाती पाठवायला लागलास. मग एके दिवशी अल रुवैस बंदराच्या कामावरून परतताना भलीमोठी सुरमई घेऊन आलास आणि काही घडलंच नाही अशा थाटात म्हणालास, "रत्नागिरीवाल्या, कालवण कर." केलं. पण वळ्यांवरचं माझं म्हणणं तेच आहे. तू मेलास म्हणून मी त्या शिवणार नाही.

त्याच रुवैसच्या रस्त्यावर पोलिसांनी तुला थांबवलं होतं, आठवतं? शिपायानं खांद्यावरची दोरी पाहून सलाम ठोकला. साधा माणूस हसून पुढे गेला असता. तू असा कडक सलाम परत केलास की त्याला संशय आला, हा कुठल्या फौजेचा. मला सूकमधून बोलावणं. माझं अरबी कापडाच्या भावापुरतं. त्यात मी त्या अधिकाऱ्याला समजावतोय की हा दोनशे माणसांची आई आहे. त्यानं तुझ्या मिशांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दोघांना चहा पाजून घालवलं. वाटेत मला म्हणालास, "नीट सांगितलं न्हाईस तू." माझी गाडी मला धड चालवता येईना इतका संताप आला होता.

आणि ती कोथिंबीर. जर्मनीत आईचा म्हणून एक दिवस असतो, त्या दिवशी शिपाई श्पीसला फुलं देतात, हे कुठून तरी पोरांच्या कानावर गेलं. कॅम्पात फुलं कुठली? लातूरकडचा तो गवंडी, बालाजी, बुटका, अंगानं किरकोळ, ज्याची बटणं जन्मात कधी धड लागलेली नव्हती, तो किचनमधून कोथिंबिरीची जुडी घेऊन आला, बाइंडिंगच्या तारेनं बांधून. "मेजर, घ्या, आईचा दिवस आहे म्हणायलेत." तू त्याला आधी कॉलरसाठी झापलंस, मग स्टोअरचा माल नासला म्हणून, मग कारण नव्हतं तरी अजून थोडं. संध्याकाळी माझ्या दुकानात बसून हे सांगताना तुला इतकं हसू आलं की डोळे पुसायला माझ्या कापडाचा तुकडा घेतलास, तोही चांगला पॉपलीनचा. ती जुडी तू आमटीत पडू दिली नाहीस. खाटेवरच्या खिळ्याला वाळून काळी होईपर्यंत लटकत होती.

मला कावीळ झाली ते वर्ष. दुकानामागच्या खोलीत पडून होतो, उठवत नव्हतं, घरी कळवलं नव्हतं. तू जीप घेऊन आलास आणि पोतं टाकावं तसं मला मागे टाकलंस. मी म्हटलं, "मेल्या, मी तुझ्या कंपनीत नाय." तू म्हणालास, "आरं गप पड. कंपनीत कोन हाय आन कोन न्हाई ते मी ठरवनार." कॅम्पात बाहेरच्या माणसाला खाट द्यायचा नियम नव्हता. ऑफिसला सांगितलंस, टेलर सगळ्यांची मापं घेतोय, वेळ लागतोय. आणि मला मऊ भात, उकडलेल्या भाज्या, तेल नाही, तिखट नाही, वर सकाळ-संध्याकाळ शिव्या. माझ्या आईनंही इतकं केलं नसतं, आणि तिनं शिव्या तरी कमी दिल्या असत्या. आभार मानायला गेलो असतो तर मुद्द्यावर ये म्हणाला असतास. आज अडवता येत नाही तुला. हणमंता, तुझ्यामुळे मी जगलो. खूप उपकार झाले तुझे.

पण मग स्वतःचं काय? कुणाची बायको बाळंत व्हायची, कुणाचा बाप अंथरुणाला खिळला, तू ऑफिसात जाऊन टेबलावर हात आपटून त्याची रजा आणायचास. स्वतः आधी जायचास रजेवर, नंतर तेही बंद केलंस. का ते मला ठाऊक आहे. तू गावी होतास त्या उन्हाळ्यात एका बिहारी मजुराला ऊन लागलं. कामावर आला नाही म्हणून त्याचा खाडा मांडला, पण खाटेपाशी जाऊन कुणी बघितलं नाही. संध्याकाळी लोक परतले तेव्हा तो गेलेला होता. तू परत आलास, ऐकलंस, आणि एवढंच म्हणालास, "आई घरात असती तर बघितलं असतं." त्यानंतर तू क्रूगरची ती गंमत हट्टाला नेलीस. दोरी दुसऱ्याच्या खांद्यावर बांधल्याशिवाय फाटकाबाहेर पाऊल नाही. मी डोकं फोडून सांगायचो, दे कुणाला तरी आणि घरी जा, वहिनींचे केस पिकले असतील. तू म्हणायचास, "कुनाला देऊ? नाव सांग." मी नाव सांगितलं की त्यात खोट. हा फार गोड बोलतो. तो चिडला की जेवत नाही. केरळचा स्टोअरकीपर चांगला, पण तो माणसांपेक्षा पत्र्याचे डबे जास्त मोजतो. बालाजीचं नाव काढलं तर म्हणालास, "त्याला सोताची बटनं लावता येत न्हाईत." मी म्हटलं, बटणं मी लावून देतो, तू जा. पालथ्या घड्यावर पाणी. दर वर्षी "दिवाळीला बघू." दिवाळी यायची, तू दोनशे माणसांना लाडू वाटायचास, आणि माझ्यासमोर दिवाळीचं नाव काढायचं नाही असा अलिखित हुकूम असायचा.

म्हणून मागच्या आठवड्यात गुरुवारी तू दुकानात आलास आणि तुझा उजवा खांदा मोकळा दिसला तेव्हा मी मशीन थांबवलं. दोरी टेबलावर टाकलीस.

"दोन बोटं कमी कर."

"का? एवढी वर्षं ह्याच लांबीची घालतोयस."

"कमी कर म्हंतोय न्हवं, मग कर की."

"कुणाला देतोयस?"

"तुला काय करायचंय? कापड तुझं, कंपनी माझी."

"घरी जातोस?"

"बघू दिवाळीला."

अर्धा चहा तसाच ठेवून गेलास. मला त्या चहाचाही राग आला नाही. मी खूश होतो. वाटलं, सुटला एकदाचा. वहिनींना म्हातारपणी का होईना नवरा मिळाला. लगेच दोरीचं टोक उसवलं, दोन बोटं कमी केली, पुन्हा बांधून घट्ट केली. शुक्रवारी नेऊन द्यायची आणि तुझ्याकडून नाव काढूनच घ्यायचं असं ठरवलं होतं.

शुक्रवारी दुपारी तू किचनच्या दाराशी तेलाच्या डब्यावर बसलास, चमच्यातली डाळ चाखलीस, "मीठ कमी हाय" म्हणालास आणि भिंतीला डोकं टेकलंस. आचाऱ्याला वाटलं, डुलकी लागली. शेवटचं बोलणंही तक्रारीचं.

मग सुरू झाली माझी फजिती. ऑफिसच्या नव्या साहेबाला दोरीबिरीशी देणंघेणं नाही. त्यानं सांगितलं, पुढच्या शुक्रवारपर्यंत तुमच्यातला कॅम्प बॉस ठरवा, ज्याला सगळे मानतील असा. नाहीतर कॅम्प केटरिंगच्या कंत्राटदाराला देऊन टाकतो, तो त्याचा माणूस आणेल. रस्त्यापलीकडच्या कॅम्पात तसा माणूस आहे. तिथली डाळ सगळ्यांना माहीत आहे, आणि तिथे रजेचा अर्ज कुठे जातो हे कुणालाच माहीत नाही. म्हणून सगळा कॅम्प माझ्या दुकानात. "उस्मानभाई, मेजरनी दोरी कुणाच्या मापानं करायला सांगितली?" मी म्हणायचो, सांगितलं नाय. कुणी विश्वास ठेवेना. शेवटी त्यांनी आपापसातच उलगडा केला. दोरी कमी केली, म्हणजे मेजरपेक्षा लहान अंगाचा माणूस. मेजरनी सगळ्यात जास्त झापलं कुणाला? बालाजीला. आई लाडक्याच लेकराला जास्त रागावते. झालं, ठरलं.

बालाजी एकटा आला, त्याच आठवड्यात. गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली. मी त्याला तसा कधी पाहिला नव्हता. "मास्टर, मला कामून निवडलं ओ मेजरनी? मला तर चार माणसांत बोलायला येत नाही." मी म्हटलं, मला ठाऊक नाय बाबा. त्यानं टेबलावरचं कापडाचं ठाण नीट गुंडाळून ठेवलं. मग म्हणाला, "पण त्यांनी माप दिलंय म्हणल्यावर काहीतरी बघितलंच असंल की माझ्यात." सकाळी तो आता खाटांमधून फेरी मारायला लागला होता, कोण उठलं नाही ते बघायला. एका ताप आलेल्या पोराला त्यानं सुपरवायझरशी भांडून हॉस्पिटलात नेलं होतं. हे त्यानं मला सांगितलं नाही. ड्रायव्हरनं सांगितलं.

काल हॉस्पिटलात तुला कपडे घालायचे होते. वहिनींनी फोन ठेवता ठेवता एकच गोष्ट मागितली होती, "भावजी, त्यांच्या गळ्याला काच लागतो. कालर सैल ठिवा." तुझं माप मला पाठ आहे. पांढरा शर्ट शिवला, कॉलर सैल ठेवली, घेऊन गेलो. तिथल्या केरळी माणसाच्या मदतीनं तुला घातला. आणि हणमंता, तो शर्ट तुझा नव्हताच. खांद्याची शिवण दंडावर आली. कॉलरमध्ये माझी मूठ जाईल एवढी पोकळी. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. मग त्या माणसानं तुझे शुक्रवारचे कपडे पिशवीतून दिले. खाकी शर्टाच्या आत दोन बनियन, त्यावर बिनबाह्यांचा स्वेटर, ह्या उकाड्यात. पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली नवी भोकं, एकामागून एक, आत आत गेलेली.

गळ्यातली टेप काढली आणि माप घेतलं. खांद्यापासून छातीवरच्या बटणापर्यंत, जिथून दोरी जाते तिथून. दोन बोटं कमी.

तू कुणालाच निवडलं नव्हतंस. तू घरी जाणार नव्हतास. अंग आटत चाललं होतं, दोरी छातीवर लोंबायला लागली होती, आणि तुला ते बघवेना, एवढंच. पोटात काहीतरी जुनं होतं, डॉक्टर म्हणाला, बरेच महिने असणार, त्यात हृदय थकलं. ज्याला शिंक आली त्याला तू दवाखान्यात हाकलायचास. स्वतः बनियनवर बनियन चढवलेस, पट्ट्याला भोकं पाडलीस, आणि शेवटी दोरी आखूड करायला शिंप्याकडे आलास. अख्ख्या दोहात माझ्याचकडे, जो कापड बघून माणसाचं अंग सांगतो. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही म्हणतात, ते तुझ्यासाठीच म्हणून ठेवलंय कुणीतरी. मी तुला तिथे मोठमोठ्यानं बोललो. जे तोंडाला येईल ते बोललो. त्या केरळी माणसाला वाटलं मी आक्रोश करतोय, त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. मग मी सुई काढली आणि शर्ट तुझ्या अंगावरच दोन्ही बाजूंनी बेतून घेतला. कॉलर मात्र वहिनींनी सांगितली तशीच राहू दिली.

आज सकाळी कॅम्पात सगळे रांगेत उभे होते. ऑफिसचा साहेब बाजूला, पुन्हा पुन्हा घड्याळ बघणारा. दोरी माझ्या खिशात. जाणाऱ्यानं बांधायची ती, पण जाणारा तर हॉस्पिटलात, पेटीत. म्हणून सगळे म्हणाले, उस्मानभाई, तुम्ही बांधा. रांगेतून कुणीतरी विचारलं, "मास्टर, एकदा सगळ्यांसमोर सांगा. मेजरनी माप कुणाचं दिलं होतं?"

खरं सांगायचं तर एकच उत्तर होतं, आणि ते सांगितलं असतं तर कुणाचंच नाव उरलं नसतं. साहेबानं तिथल्या तिथे खलास म्हणून कंत्राटदाराला फोन लावला असता. बालाजी पहिल्या रांगेच्या टोकाला उभा होता. जमिनीकडे बघत होता. बटणं सगळी लागलेली.

मी म्हणालो, "बालाजीचं."

ऐकलंस? मी खोटं बोललो. शुक्रवारी, नमाजाला जायच्या आधी, दोनशे माणसांसमोर, तुझ्या नावावर. त्याच्या उजव्या खांद्याच्या पट्टीखालून दोरी घातली, बटणाला अडकवली. बेताची बसली. तो सलाम करायला गेला, हात निम्म्यात थांबला, आणि तो रडायला लागला. मग तसाच रांगेकडे वळला आणि फाटक्या आवाजात म्हणाला, "रात्रपाळीवाले अजून जेवले नाहीत का? आधी त्यांचं वाढा." साहेब गाडीत बसून निघून गेला.

हे तुझ्यामाझ्यात राहील. बालाजीला कधी कळायचं नाही. तुझं काही म्हणणं असेल तर ते तू गुरुवारीच बोलायला हवं होतं. मी दोनदा विचारलं होतं.

आता अर्ध्या तासात ड्रायव्हर मला न्यायला येईल. तुझ्या रीतीप्रमाणे सगळं झालंय. दोरी तुझ्या खांद्यावरून निघाली, दुसऱ्याच्या खांद्यावर बसली, सगळ्यांदेखत. आता कुठलीही सबब चालणार नाही, हणमंता. फाटक उघडं आहे. वहिनी वाट बघतायत. घरी जा.